पिग्मी ॲप आणि संस्थेचा आराखडा: खर्च कोणाच्या खात्यात?

संस्था बेळगावची, बहुराज्य सहकारी पतसंस्था. मुख्य कार्यालय शहरात. शाखा वडगाव, शहापूर, खानापूर, चिक्कोडी, निपाणी आणि हद्दीपलीकडे चंदगड, गडहिंग्लजला. सभासद दोन राज्यांत, म्हणून नोंदणी 2002 च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली आणि निबंधक दिल्लीचे. संस्थेचं नाव इथं देत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात चुका आहेत, आणि त्यातली एक मोठी चूक माझी आहे.

प्रकल्प छोटा होता. पिग्मी एजंटांच्या हातातलं मशीन काढून त्यांना मोबाईल ॲप द्यायचं. ठेव विभागानं त्यासाठी संचालक मंडळाकडून रक्कम मंजूर करून घेतली होती. ॲप बनवायला टिळकवाडीतली चार पोरांची टीम ठरली होती. अक्षय्य तृतीयेला वडगावात सुरू करू, असं चेअरमन सर्वसाधारण सभेत जाहीरही करून बसले होते. मला सचिव मॅडमनी बोलावलं ते ‘सुरू करण्याआधी एकदा नजर घाला’ एवढ्या निरोपावर.

पिग्मी म्हणजे काय हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही. पुढं सिंडिकेट बँक या नावानं ओळखली गेलेली उडुपीची बँक 1928 पासून रोज दोन आणे लोकांच्या दारात जाऊन गोळा करू लागली, तिथून ही पद्धत पसरली. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, शब्द मात्र आमच्या तोंडात राहिला. रविवार पेठेतला धान्याचा दुकानदार, वडगावातला मागवाला, गणपत गल्लीत भाजी विकणारी मावशी आजही रोजच्या कमाईतले शंभर-दोनशे एजंटाच्या हातात ठेवतात. वर्षाअखेर त्यातून पोराची फी जाते, नाही तर मागाची दुरुस्ती होते.

जुनं काम असं चालायचं. सकाळी शाखेत मशीनमध्ये खाती भरून घ्यायची, दिवसभर वसुली करून चिठ्ठी फाडून द्यायची, संध्याकाळी शाखेत येऊन मशीन ‘रिकामं’ करायचं. मशीनमधून एक फाईल निघायची, ती कारकून मुख्य सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा आणि रोकड मोजून किर्दीला घ्यायचा. एजंट संध्याकाळी आलाच नाही तर ठेवीदाराचे पैसे त्या दिवशी संस्थेच्या लेखी आलेलेच नसायचे. ही फट बुजवायची होती. पैसे हातात पडले की त्याच मिनिटाला ठेवीदाराच्या मोबाईलवर संदेश गेला पाहिजे, ही संचालकांची मागणी होती आणि ती रास्तच होती.

आता आराखड्याची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी संस्थेनं बाहेरच्या सल्लागारांकडून एंटरप्राइझ आर्किटेक्चरचा दस्तऐवज करून घेतला होता. संस्थेचे सगळे व्यवहार, त्यांना लागणारी माहिती, ती हाताळणारी सॉफ्टवेअर आणि त्याखालची यंत्रं यांचा मिळून एक आराखडा, असा त्या शब्दाचा अर्थ. मॅडमनी कपाटातून ती जाडजूड फाईल काढून दिली. उघडून बघितल्यावर ओळख पटली: असे आराखडे करण्याच्या टोगॅफ या चौकटीतली 21 तत्त्वं जशीच्या तशी उतरवली होती. टोगॅफची पहिली आवृत्ती 1995 ची. अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका जुन्या चौकटीवरून ती उभी राहिली. त्यात नमुन्यादाखल तत्त्वं दिली आहेत: माहिती ही संस्थेची मालमत्ता आहे, माहिती सगळ्यांनी मिळून वापरायची, शब्दांचे अर्थ सगळीकडे एक असावेत, तंत्रज्ञानाचे प्रकार आटोक्यात ठेवावेत, वगैरे. ती तशी चांगली आहेत. पण ती नमुना म्हणून दिली आहेत, आणि फाईलमध्ये गडहिंग्लज किंवा वडगाव हा शब्द एकदाही आलेला नव्हता.

पहिल्याच बैठकीत ठेव विभागाचे अधिकारी म्हणाले, "सर, हे ॲप पिग्मीचं आहे, संस्थेचं नाही. एवढ्याशा कामाला आर्किटेक्चर कशाला? सरकारी खात्यांना असतं ते." त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नव्हतं. केंद्र सरकारनं 2018 मध्ये इंडिया एंटरप्राइझ आर्किटेक्चर नावाची चौकट आणली ती खरोखरच मोठ्या खात्यांकडे पाहून. आणि एकवीस तत्त्वं चार पोरांच्या टीमपुढं ठेवली तर ती एकवीसही ‘होय, पाळतो’ म्हणून सही करून मोकळी होतात. माझा अनुभव असा आहे की ज्या तत्त्वाला प्रकल्प फुकटात ‘होय’ म्हणू शकतो, ते तत्त्व त्या प्रकल्पाला लागलेलंच नसतं.

म्हणून मी त्या दिवशी फाईल मिटली आणि आदल्या वर्षीच्या कर्जवसुलीच्या ॲपचं काय झालं ते विचारलं.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शहापूरच्या शाखाधिकाऱ्यांनी सांगितलं. वसुली ॲप करताना टीमनं मुख्य सॉफ्टवेअरमधून कर्जदार आणि जामीनदारांची यादी एकदाच उतरवून घेतली होती. त्यानंतर लोकांनी काउंटरवर येऊन मोबाईल नंबर बदलले. ते मुख्य सॉफ्टवेअरमध्ये बदलले, वसुली ॲपच्या यादीत जुनेच राहिले. एका जामीनदाराच्या जुन्या नंबरावर हप्ता थकल्याचा संदेश गेला. तो नंबर तोवर कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिलेला. तो दुसरा माणूस त्याच गावचा. गावात बोभाटा झाला, जामीनदारानं शाखेत येऊन आपले भाग (शेअर) परत मागितले.

ते ॲपही ‘फक्त वसुलीचं’ होतं, ‘संस्थेचं’ नव्हतं. त्या प्रकल्पाला स्वतःपुरतं सगळं बरोबर जमलं होतं: वेळेत झालं, मंजूर रकमेत झालं. नुकसान झालं ते दोन प्रकल्पांच्या मधल्या जागेत, जिथं कुणाचंच खातं नव्हतं. एंटरप्राइझ आर्किटेक्चर हे त्या मधल्या जागेचं काम आहे, असं मी सांगितलं तेव्हा अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा वही उघडली.

एकवीसपैकी पिग्मी ॲपला खरोखर भिडणारी तत्त्वं शोधायला आम्ही दोन दिवस घातले. प्रत्येक तत्त्वाचा प्रश्न केला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर या प्रकल्पात दोन तऱ्हांनी देता येतं का ते बघितलं. उत्तर एकच असेल तर तत्त्व बाजूला. शेवटी चार प्रश्न उरले. ठेवीदार कोण आहे हे ॲप कुणाला विचारणार? त्याचं गाव कसं लिहिणार? त्याच्याशी कुठल्या भाषेत आणि कुणाच्या हातून बोलणार? जमा झालेली रक्कम मुख्य सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या दारानं शिरणार?

पहिल्या प्रश्नावरच सगळ्यात जास्त घाम निघाला. मुख्य सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक क्रमांक शाखेनुसार पडत होता. चंदगडचा शेतकरी काजू घेऊन शिनोळीवरून बेळगावच्या बाजारात येतो. त्याचे भाग चंदगड शाखेत आणि पिग्मी बेळगावात. म्हणजे एका माणसाचे दोन क्रमांक. ॲपच्या टीमनं तिसरा काढायचं ठरवलं होतं, कारण तेच सोपं होतं.

त्यात नावांची गंमत नव्हे, खरी अडचण. सीमाभागातल्या माणसाचं नाव तीन लिप्यांत नांदतं. घरात ज्ञानेश्वर. मराठी वळणानं इंग्रजीत लिहिलं की सुरुवात डी-एन-वायनं. कन्नड शाळेत किंवा कन्नड लिहिणाऱ्या कारकुनाकडून आलं की तेच नाव जे-एननं सुरू होतं. कर्नाटकातल्या आधार कार्डावर दुसरी लिपी कन्नड, महाराष्ट्रातल्या कार्डावर देवनागरी. चौगुले या आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं आमच्याच खात्यांत चार निघाली. आडनाव शेवटी की आधी, बापाचं नाव मधे की आद्याक्षरापुरतं, हेही दर शाखेला निराळं. नावावरून माणूस ओळखायचा म्हटलं तर दोन वेगळी माणसं एक होतात आणि एक माणूस दोन होतो.

टीमचा म्होरक्या हुशार पोरगा. त्यानं लगेच नावं जुळवणारा प्रोग्राम लिहून आणला: उच्चार जवळचा आणि मोबाईल एक असला की खाती एकत्र. निपाणी शाखेच्या यादीवर चालवला तर बाप-लेक एक झाले. घरात मोबाईल एकच, दोघांची नावं एकाच अक्षरानं सुरू होणारी. ते बघून त्याचा तोच म्हणाला, "सर, हे मशीननं ठरवू नये." मग ठरलं ते असं: ॲप नवा ग्राहक कधीच तयार करणार नाही. नवा ठेवीदार भेटला तर एजंट दुकानातच फॉर्म भरून कागदांचे फोटो पाठवेल. शाखेतला माणूस पॅन, जन्मतारीख आणि मोबाईल ताडून आधीचा क्रमांक सापडतो का बघेल. सापडला तर तोच, नाही तर नवा. प्रोग्राम फक्त ‘हे दोघं एक असू शकतात’ अशी यादी पुढं ठेवेल, शेवटचा शब्द शाखाधिकाऱ्याचा.

वडगाव शाखेचा सगळ्यात जुना एजंट, ज्याला अख्खी गल्ली मामा म्हणते, तो यावर भडकला. "गिऱ्हाईक तयार असतं तेव्हाच घ्यायचं असतं. उद्या येतो म्हटलं की परवा ते देत नाही." त्याच्या कमिशनचा प्रश्न होता आणि आमच्यापैकी कुणी आयुष्यात दारोदार पिग्मी मागितली नव्हती. त्याच्या म्हणण्यावरून नियमात एक ओळ वाढली: कामाच्या वेळेत आलेल्या फॉर्मवर शाखेनं तासाभरात निर्णय द्यायचा, आणि ते बघायला दर शाखेत एक माणूस नावानिशी नेमायचा. टोगॅफच्या भाषेत हा ‘माहितीचा विश्वस्त’. फाईलमध्ये ते तत्त्व होतंच. माणसाचं नाव मामाच्या रागामुळं आलं.

गावाचा प्रश्न त्यामानानं लवकर सुटला, पण तो सांगण्यासारखा आहे. 1 नोव्हेंबर 2014 ला कर्नाटक सरकारनं बारा शहरांची इंग्रजी नावं बदलली, त्यात बेळगावचं बेळगावी झालं. संस्थेच्या खात्यांत पत्ता हा मोकळा मजकूर, त्यामुळं त्या तारखेआधीची खाती एका नावाची, नंतरची दुसऱ्या, आणि मराठी शाखांतली तिसऱ्या. निपाणी पुढं चिक्कोडीपासून वेगळा तालुका झाला, खात्यांत अजून चिक्कोडीच. आणि खानापूर दोन आहेत! एक आमचं, मलप्रभेच्या अंगाचं. दुसरं सांगली जिल्ह्यातलं, विट्याकडचं. तिकडची गलाई करणारी माणसं सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरली आहेत, त्यातला एक जण संस्थेचा सभासद. कायमचा पत्ता खानापूर. त्याची नोटीस कुणीतरी आमच्या खानापूर शाखेकडं पाठवली आणि तिथला शिपाई दोन दिवस गल्लोगल्ली त्याला शोधत फिरला. आता केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले गावाचे संकेतांक धरले आहेत. कर्नाटक 29, महाराष्ट्र 27, त्याखाली जिल्हा, तालुका, गाव. नाव काहीही लिहा, कुठल्याही लिपीत लिहा, संकेतांक हलत नाही.

भाषेचं. टीमनं सरळ ठरवलं होतं, कर्नाटकातल्या शाखेत कन्नड संदेश, महाराष्ट्रातल्या शाखेत मराठी. नकाशावर हे नीट दिसतं. वडगावच्या एकाच बोळात मराठी आणि कन्नड बोलणारे विणकर भिंतीला भिंत लावून राहतात, चंदगडातही कन्नड वाचणारी घरं आहेत. इथं भाषा हा नाजूक विषय आहे. दोन्हीकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं एकाच संस्थेत पिग्मी भरली, आणि संदेशाच्या लिपीवरून कुणाचं मन दुखावू नये याची मला खरोखर काळजी होती. आम्ही भाषा शाखेकडून काढून सभासदाच्या नोंदीत टाकली. मराठी, कन्नड की इंग्रजी, ते त्याला विचारायचं. एजंटांनी विचारलं, लोकांनी सांगितलं, कुठंही वाद झाला नाही.

त्यात पैशाचा भाग होता तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. इंग्रजी एसएमएसला 160 अक्षरं मिळतात. देवनागरी किंवा कन्नड आलं की एका संदेशात 70 च. त्यापुढं गेलं की तुकडे पडतात आणि दर तुकड्याला 67, पैसे तुकड्यागणिक. ‘आपल्या पिग्मी खात्यात अमुक रुपये जमा, एजंट अमुक, एकूण शिल्लक अमुक’ आणि शेवटी संस्थेचं लांबलचक नाव, एवढ्यात दोन तुकडे सहज होतात. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांखाली संदेशाचा प्रत्येक मसुदा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, तीन भाषा म्हणजे तीन मसुदे. कर्ज विभागाचं एसएमएसचं खातं एका कंपनीकडं होतं, पिग्मी टीम दुसरीकडं घेणार होती. दोन खाती, दोन ठिकाणी मसुदे, आणि नंबर बदलला की दोन्हीकडं बदलायचा. इथं ‘सगळ्यांचं सामाईक काम एकाच ठिकाणी’ हे तत्त्व लावायला कुणालाच जड गेलं नाही, कारण बचत उघड दिसत होती. संदेशाची एकच सामाईक व्यवस्था ठरली. मसुद्यातून संस्थेचं नाव आखूड केलं आणि एजंटाचं नाव काढून क्रमांक घातला; बरेचसे संदेश एका तुकड्यात बसले.

आता चौथा प्रश्न, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

जमा रक्कम मुख्य सॉफ्टवेअरमध्ये नेण्याचे दोन मार्ग होते. एक, ॲपनं थेट त्या सॉफ्टवेअरच्या टेबलांत लिहायचं. पोरांना ते आठवड्याभराचं काम. धोका असा की मुख्य सॉफ्टवेअरच्या कंपनीनं उद्या टेबल बदललं की पिग्मी कोलमडणार, आणि जमाखर्चाच्या नियमांना वळसा घालून खतावणीत रक्कम शिरणार. दुसरा मार्ग, कंपनीकडून रीतसर सेवा करून घ्यायची: ग्राहक क्रमांक विचारला की माहिती मिळते, रक्कम दिली की नियम तपासून जमा होते आणि तीच पावती दोनदा आली तर दुसऱ्यांदा नाकारली जाते. उद्या वसुली, सोनेतारण, लॉकर, सगळ्यांना तीच सेवा वापरता येईल. कंपनीनं त्याचं कोटेशन दिलं ते पिग्मीच्या मंजूर रकमेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

ठेव विभागाचे अधिकारी म्हणाले, "तत्त्व मला मान्य आहे. पण माझ्या ताटातलं मी सगळ्यांना का वाढू?"

मला वाटतं, एखाद्या प्रकल्पाला संस्थेची तत्त्वं लावताना जे काही फसतं ते नेमकं या वाक्यापाशी फसतं. संस्थेचं हित आधी, हे तत्त्व भिंतीवर लावायला सगळे तयार. पण प्रकल्प चालवणाऱ्याला मोजमाप लागतं ते त्याच्या रकमेचं आणि त्याच्या तारखेचं. तो संस्थेसाठी जास्त खर्च करतो तेव्हा सर्वसाधारण सभेत उभं राहून उशिराचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. त्याला तत्त्व पटत नाही असं आपण म्हणतो. त्याला ते पटलेलं असतं, बिल पटत नाही, आणि बिल त्याच्या नावावर फाडलेलं असतं.

टोगॅफमध्ये प्रत्येक तत्त्वाचे चार भाग सांगितले आहेत: नाव, विधान, कारण आणि परिणाम. लोक पहिले दोन वाचतात. चौथा भाग, परिणाम, म्हणजे हे तत्त्व पाळायचं तर काय काम वाढेल, कुणाचं वाढेल, हे लिहायची जागा. संस्थेच्या फाईलमध्ये तिथं दोन-दोन ओळी गोल-गोल लिहिल्या होत्या. मी त्या जागी खतावणी घातली. एका कागदावर तीन रकाने: तत्त्व काय मागतं, त्यासाठी या प्रकल्पात जादा काम किती, आणि तो खर्च कुठल्या खात्यात टाकायचा. पतसंस्थेच्या संचालकांना आर्किटेक्चरच्या आकृत्या दाखवल्या की ते चहाची वाट बघतात. खर्चाचं खातं विचारलं की चष्मा लावतात. त्यांची हयात त्यातच गेली आहे.

त्या कागदावर चौघांची बैठक साडेतीन तास चालली. रीतसर सेवेचा खर्च पिग्मीवर नाही, ‘सामाईक संगणक व्यवस्था’ असं नवं खातं काढून त्यात, हे चेअरमन अण्णांनी शेवटी मान्य केलं. त्याआधी त्यांनी एकच विचारलं, "दुसरा विभाग ही वापरेल कशावरून?" उत्तर म्हणून मॅडमनी कर्ज विभागाच्या अधिकाऱ्यांना तिथंच बोलावून घेतलं आणि वसुली ॲप वर्षाच्या आत त्याच सेवेवर आणण्याचं त्यांच्याकडून लिहून घेतलं. संदेशाची व्यवस्थाही सामाईक खात्यात. गावाचे संकेतांक पिग्मीच्याच खर्चात राहिले, कारण काम थोडं होतं. आणि जुन्या सगळ्या सभासदांचे दुहेरी क्रमांक निस्तरण्याचं काम या प्रकल्पातून काढून टाकलं. ते तत्त्वाला धरून होतं, गरजेचंही होतं, पण पिग्मी ॲपच्या गळ्यात बांधलं असतं तर ॲप पुढच्या अक्षय्य तृतीयेलाही आलं नसतं. जे ठेवीदार ॲपवर येतील त्यांचेच तेवढे क्रमांक वाटेत नीट करायचे.

खाती वाटून झाल्यावर ठेव विभागाचे अधिकारीच पुढच्या प्रत्येक बैठकीत तत्त्वाचा धागा धरून बोलायला लागले. ते बदलले असं मी म्हणणार नाही. त्यांच्यावरचं अन्याय्य ओझं गेलं होतं.

माझी चूक आता. तंत्रज्ञानाचे प्रकार आटोक्यात ठेवावेत, या तत्त्वाच्या आधारे मी आग्रह धरला की वसुली ॲप ज्या पद्धतीनं केलंय त्याच पद्धतीनं पिग्मी करा, म्हणजे सांभाळायला एकच कौशल्य लागेल. वसुली ॲप हे ब्राउझरमध्ये उघडणारं होतं, सतत इंटरनेट लागणारं. शहरात छान चाललं. मग खानापूर शाखेचा एजंट चाचणीसाठी जांबोटीवरून कणकुंबीकडं गेला. त्या जंगलात रेंज धरत नाही. त्यानं अकरा ठेवीदारांचे पैसे घेतले आणि ॲपमध्ये एकही नोंद बसली नाही. सगळं डायरीत लिहून त्यानं संध्याकाळी शाखेत येऊन ती डायरी टेबलावर ठेवली. तो काही बोलला नाही, पण जुनं मशीन तिथं चालत होतं आणि माझं नवं ॲप चालत नव्हतं.

मी तत्त्वाचं नाव वाचलं होतं, कारण वाचलं नव्हतं. प्रकार कमी ठेवायचे ते सांभाळण्याचा खर्च कमी व्हावा म्हणून. एजंटाचं मूळ कामच होत नसेल तर तो खर्च वाचवून काय करायचं? त्याच यादीत आणखी एक तत्त्व होतं, बदल हा कामाच्या गरजेतून व्हावा, आणि ही दोन तत्त्वं इथं एकमेकांवर आदळत होती. ते मी बैठकीत सांगायला हवं होतं, निवाडा संस्थेवर सोडायला हवा होता. मी गुपचूप एकाच्या बाजूनं कौल दिला. पोरांनी ॲप नव्यानं केलं: नोंद आधी मोबाईलमध्येच साठते, प्रत्येक पावतीला त्या मोबाईलचा आणि क्रमाचा मिळून एकच क्रमांक, रेंज आली की आपोआप पुढं जाते, दोनदा गेली तरी एकदाच जमा होते. यात महिना गेला. तो महिना मी कागदावर माझ्या नावानं लिहिला.

अक्षय्य तृतीया जवळ आली तेव्हा कंपनीची सेवा तयार नव्हती. पुढं ढकला म्हणणारे होते, थेट टेबलात लिहून टाका म्हणणारेही होते. टोगॅफमध्ये अशा वेळेची सोय आहे: तत्त्व मोडायचं तर मुदतीची सूट मागायची, कारण आणि अटी लिहायच्या, मुदत संपली की पुन्हा विचार. आम्ही फक्त वडगाव शाखेपुरती सूट घेतली. ॲप रोज संध्याकाळी जुन्या मशीनसारखीच फाईल काढेल आणि कारकून ती चढवेल. ठेवीदाराला संदेश मात्र त्याच मिनिटाला. मुदत 30 सप्टेंबर, जबाबदार ठेव विभागाचे अधिकारी, आणि तोवर दुसरी कुठलीही शाखा फाईलवर सुरू करायची नाही. ही शेवटची अट मॅडमनी घातली. मला ती सुचली नव्हती, आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. कारण ऑगस्टमध्ये निपाणी आणि चिक्कोडीचे शाखाधिकारी ‘आम्हालाही द्या’ म्हणून मागं लागले, आणि कंपनीच्या दारात जाऊन बसायला ठेव विभागाला स्वतःचं कारण मिळालं. सेवा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली.

मामाला ॲप आवडलं का? त्याला मोबाईलचा पडदा उन्हात दिसत नाही अशी तक्रार आहे, ती खरी आहे. पण गणपत गल्लीतली एक मावशी आता पैसे दिले की लगेच जात नाही, मोबाईल वाजेपर्यंत थांबते, वाजला की मान हलवते. मामा म्हणतो, पूर्वी ती माझ्या तोंडाकडं बघायची. त्याला त्याचं थोडं वाईट वाटतं, आणि मला ते समजतं.

वसुली ॲप नव्या सेवेवर आणायला कर्ज विभागानं वर्षाऐवजी चौदा महिने घेतले. सोनेतारणाच्या नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा त्याला तो तीन रकान्यांचा कागद आधीच जोडलेला होता. खात्याच्या रकान्यात दोन ठिकाणी ‘सामाईक’ लिहिलं होतं आणि त्यातल्या एका ठिकाणी अण्णांनी लाल पेनानं खूण करून ‘का?’ विचारलं होतं. जुन्या सभासदांचे दुहेरी क्रमांक अजून निस्तरायचे आहेत. त्याला स्वतःचं खातं मिळालं आहे, स्वतःची रक्कम मिळाली आहे, आणि चंदगड शाखेपासून सुरुवात झाली आहे, कारण तिथले सभासद सगळ्यात जास्त बेळगावात सापडतात.